पोट फाडलेली गाडी

पारशिवनीत चंपतराव भोयरांची गाडी सकाळी खोकायला लागली, की शेजारच्या घरांतल्या बायका बोलायच्या थांबत. एरवी अशा गाडीला लोक हसले असते. पण चंपतरावांच्या ओसरीवर त्यांची लेक देवकी बसलेली असे, दिवस भरत आलेली, आणि तिला नागपूरला न्यायला गावात दुसरं वाहन नव्हतं. एसटीचा भरवसा एसटीवाल्यांनाही नव्हता.

चंपतराव मूळचे शेतकरी. भावाशी पटेना, तेव्हा वाटणीची जमीन त्यालाच देऊन त्यांनी जुनी अँबेसेडर घेतली आणि नागपूरपर्यंत सवाऱ्या न्यायला लागले. गाडीत माणसं मावेनात, म्हणून स्वतःच्याच डोक्यानं डिक्की कापून तिच्यात लाकडी बाक बसवला. बाकाला आड येणारी पेट्रोलची टाकी काढली आणि पत्र्याची नवी टाकी करून बाजूला ठोकली. तिचं झाकण कामठीच्या लेथवाल्यानं घडवून दिलं. पेट्रोल उतरेल तशी टाकीत हवा जावी म्हणून झाकणात सुईएवढं भोक ठेवायला तो विसरला नाही. चंपतराव मात्र ते भोक पुढं साफ विसरले.

त्यांच्या बायकोला, रुखमाबाईंना, ही कापाकापी पहिल्यापासून खुपली. "पोट फाडलं तुमी तिचं," एवढंच त्या म्हणाल्या. दसऱ्याला गाडीची पूजा झाली तेव्हा त्यांनी तेलात कालवलेला शेंदूर चाकांना लावला, दारांना लावला, आणि नव्या झाकणाला चांगला जाड हात दिला. नवं अंग, नजर तिथंच लागायची.

त्याच कार्तिकात देवकीला कळा आल्या. पहिलं बाळंतपण, रिवाजाप्रमाणं माहेरी. गाडी कन्हानच्या पुलाअलीकडे बंद पडली ती पडलीच. आधी बैलगाडी, मग ट्रक असं करत धरमपेठेतल्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात पोचेपर्यंत ऊन उतरलं होतं. मूल पोटातच गेलं. बाई स्पष्ट बोलणाऱ्या होत्या. म्हणाल्या, पुढच्या वेळी हिला एवढा वेळ मिळणार नाही, मुलालाही नाही.

पुढची वेळ वर्षभरातच आली, आणि चंपतराव गाडीच्या मागे लागले. प्लग घासले. कार्बुरेटर उकलून धुतला. पंपाचा पडदा बदलला. नळीत तोंडानं फुंकर मारून ओठ पोळून घेतले. मेकॅनिककडे जायचं नाव नाही. गाडी आपण घडवली, तिचं दुखणं दुसऱ्यानं काय सांगायचं, ही त्यांची ऐट. वाईट हे, की प्रत्येक दुरुस्तीनंतर गाडी सुरेख चालायची. चालणारच. डिक्कीच्या कापाकापीत पेट्रोलचा काटा गेलेला, म्हणून काम आटोपलं की ते झाकण उघडून आत काडी घालून पेट्रोल पाहत. कोंडलेली टाकी तेवढ्यात श्वास घेई आणि श्रेय पंपाला मिळे. टाकी काठोकाठ भरली, आत हवेला जागा उरली नाही, की गाडी जास्त अडते, हेही त्यांनी पाहिलं होतं. पण भरल्या टाकीवर संशय कोण घेतो?

रुखमाबाईंचा इलाज वेगळा. दर अमावास्येला झाकणावर शेंदराचा नवा हात. गाडी जितकी अडे, तितका थर जाड. चंपतराव एकदा वैतागून म्हणाले, "अवं, तो मारोती नव्हे."

"मारोती असता तर पावला असता," त्या म्हणाल्या, आणि बोटं पदराला पुसली.

मार्गशीर्षात एका सकाळी देवकी भिंतीला धरून उभी राहिली. चंपतरावांनी टाकी आदल्या दिवशीच गळ्यापर्यंत भरून ठेवली होती. काडी घालून बघायची गरजच नव्हती. गाडी चटकन सुरू झाली. चटकन सुरू झाली म्हणूनच रुखमाबाईंना भरवसा वाटेना.  वाटभर देवकीच्या बांगड्या दारावर वाजत होत्या.

कन्हानचा पूल दिसायला लागला, आणि गाडीनं आचका दिला. दोन आचके. मग नुसता रस्त्याचा आवाज.

"बाबा, इथंच काहून?" देवकी म्हणाली. तिला जागा ओळखू आली होती.

चंपतरावांनी बॉनेट उघडलं. कंपाउंडरकडून मागून आणलेली सलाईनची रिकामी काचेची बाटली गाडीत होती. कॅनमधलं पेट्रोल तिच्यात ओतून त्यांनी तिची नळी थेट कार्बुरेटरला जोडली आणि बाटली रुखमाबाईंच्या हातात उंच धरायला दिली. रोग्याच्या उशाशी उभं राहावं तशा त्या गाडीपाशी उभ्या राहिल्या. स्टार्टर मारताच इंजिन धडधडलं. म्हणजे इंजिन ठीक, कार्बुरेटर ठीक. खोट मागं होती.

त्यांनी टाकीकडून येणारी नळी सोडली. चार थेंब आले आणि बंद. टाकी भरलेली, आणि थेंब बंद. मग त्यांनी झाकणाला हात घातला. ते निघेना, आतून कोणी ओढून धरावं तसं. जोर लावल्यावर सूं करून लांब आवाज झाला, हवा आत गेली, आणि सुटलेल्या नळीतून पेट्रोलची धार लागली.

चंपतराव झाकण हातात घेऊन उभे राहिले. त्यांनी नखानं शेंदूर खरवडला. एक थर, त्याखाली दुसरा, अगदी खाली दसऱ्याचा, काळा पडलेला. त्याखाली बुजलेलं भोक. गेल्या कार्तिकातही टाकी अशीच भरलेली होती, आणि हाच रस्ता.

"पुसू नका त्याले," रुखमाबाई पुढून म्हणाल्या. बाटली धरलेल्या त्यांच्या बोटांच्या चिरांतून शेंदूर अजून गेला नव्हता. "तेवढाच आधार आहे आपल्याले."

त्यांनी पुसला नाही. नळी जोडली, सदऱ्याची टाचणी काढून शेंदरातूनच भोक मोकळं केलं, झाकण लावलं आणि गाडी हाकली.

दुपारच्या आत देवकीला मुलगी झाली. आधी निळसर होती. डॉक्टरीणबाईंनी तिला उलटी धरून चापट्या मारल्या, तेव्हा कुठं रडली. आणखी अर्धा तास लागता तर, असं काहीतरी बाई बोलू लागल्या आणि चंपतरावांचं तोंड पाहून गप्प झाल्या.

"शेंदरानं राखलं," रुखमाबाई व्हरांड्यात म्हणाल्या. "मागच्या खेपेले मी कमी लावला होता."

चंपतरावांनी त्यांच्या बोटांकडे पाहिलं. मग म्हणाले, "हो. त्यानंच राखलं."

गाडी पुढं बरीच वर्षं चालली. दर अमावास्येला रुखमाबाई झाकणावर हात फिरवत, आता जास्तच भक्तीनं. त्या आत गेल्या की चंपतराव टाचणी घेऊन गाडीमागं जात, आणि भोक टोचण्याआधी स्वयंपाकघराची खिडकी लागलेली आहे ना, ते वळून पाहत.