लाकडी विमानातली खवळलेली हवा

साठ सालाच्या आसपास मी मद्रासच्या एका फ्लाइंग क्लबात नोकरीला होतो. माझ्या ताब्यात एक खोटं विमान होतं. आखूड पंखांची लाकडी पेटी, खाली तिला हलवणारे हवेचे भाते. शिकाऊ वैमानिक आत बसला की मी झाकण लावायचो. ढगात काही दिसेनासं झालं की समोरच्या तबकड्यांच्या नुसत्या काट्यांवर भरवसा ठेवून कसं उडायचं, ते त्यात शिकवत. बाहेर टेबलाशी बसून मी हेडफोनवरून सूचना द्यायचो. चष्म्यामुळे मला स्वतःला वैमानिक होता आलं नव्हतं.

एका वर्षी पुण्याचा एक तरुण शिकायला आला. तिरुवल्लिकेणी भागात मी राहायचो त्याच मॅन्शनमध्ये, म्हणजे एकट्या पुरुषांच्या लॉजमध्ये, त्याने खोली घेतली. संध्याकाळी माझ्याकडे येऊन बसायचा. माझी तंजावरी मराठी ऐकून त्याला हसू यायचं, ते मला बोचायचं. वरून समुद्र कसा दिसला हे तो सांगू लागला की मला ऐकवत नसे.

पेटीला हवा खवळवायचं, म्हणजे वादळात सापडल्यासारखे हिसके द्यायचं, एक बटण होतं. इतरांना मी ते थोडंसं फिरवायचो, त्याला पार शेवटपर्यंत. तो घामाने निथळत बाहेर यायचा. एकदा त्याने विचारलं, ढगात खरंच असं असतं का? मी उभ्या जन्मात ढगात गेलो नव्हतो. याहून वाईट असतं, असं सांगून मोकळा झालो.

मग एकदा बंगलोरहून परतताना तो खरोखरच ढगात सापडला. शेजारी शिक्षक होते, पण विमान यानेच बाहेर काढलं. तिथून तो थेट माझ्याकडे आला.

"विमान डावीकडे कलतंय असं सारं अंग सांगत होतं, आणि काटे म्हणत होते, सरळ आहे. तुमच्या पेटीत असं कधी वाटलं नव्हतं," तो म्हणाला. "पण नजर काट्यांवरून हलली नाही. ती सवय तुम्ही लावलीत."

तो पाया पडायला वाकला. मी पाय मागे घेतले. बटण मी आकसाने फिरवायचो हे तेव्हाच सांगायला हवं होतं. त्याऐवजी मी विचारत राहिलो, अंग खोटं सांगतं म्हणजे नेमकं काय होतं? त्याला सांगता येईना. रविवारी माझ्याबरोबर वर चला, म्हणाला. मी काम असल्याचं सांगितलं. त्याच्या शेजारी उतारू म्हणून बसणं मला सोसलं नसतं.

पुढे त्याला विमान कंपनीत नोकरी लागली. गणवेशातला फोटो त्याने आठवणीने पाठवला. अभिनंदनाच्या दोन ओळी लिहायला मला आठ दिवस लागले.