तंबूबाहेर ऐकलेलं

"मावशी, गाणं कंचं ते सांगा, आत्ता लावून देतो," असं म्हणत ट्रॅक्टरवाल्या भगवानरावनं तेलकट बोटं पँटीला पुसली आणि मोबाईल काढला.

"गाणं न्हाई ते."

"मग?"

"म्युझिक हाय. नुस्तं."

"म्हंजे गाण्याच्या आधी वाजतंय ते?"

"गाण्याचा काय संबंध न्हाई त्याचा." अंजनाबाईनं झारा कढईच्या काठावर आपटला. "पिक्चरातली माणसं गप हायेत, कुनी बोलंना, आन् मागं वाजतंय. ते."

"मागं वाजतंय ते कोन ऐकतंय, मावशी? त्याला बोल तरी हायेत का?"

"न्हाईत."

"मग घावनार कसं?" भगवानरावनं मोबाईल परत खिशात घातला आणि आणखी एक प्लेट भजी सांगितली.

धारूरचा घाट चढून आलेल्या गाड्या अंजनाबाईच्या हॉटेलापुढं दम खायला थांबत. हॉटेल म्हणजे चार पत्रे, दोन बाकडी आणि एक कढई. थांबणाऱ्या प्रत्येकाला तिनं या दिवाळीपासून हेच विचारलं होतं, आणि प्रत्येकानं तिला हेच विचारलं होतं: बोल काय?

बोलांवरच तर तिचा राग होता. तिचं लहानपण जत्रेजत्रेतून, टुरिंग टॉकीजच्या तंबूला पाठ लावून गेलं. तिची आई सुंदरबाई तंबूच्या बाहेर भज्यांची कढई मांडायची. कपिलधार असो की आणखी कुठली जत्रा, तंबू जाईल तिकडं कढई. आत पिक्चर चालायचा, बाहेर ह्या मायलेकी. आत गाणं लागलं की निम्मा तंबू लघवीला आणि भज्यांना बाहेर यायचा. मग हे दे, ते दे, कागद कुठाय, मिरची घाल. त्या गर्दीत गाण्याचा एक शब्द अंजनाच्या कानी पडला असेल तर शपथ. गाणं संपलं की माणसं पळत आत जायची, आणि मग बाहेर फक्त तेल आणि कापडाआडून येणारं मागचं वाजणं. तेवढंच तिच्या वाट्याचं होतं, म्हणून तेच तिचं आवडतं झालं. पडदा एकदाही न बघता तिला कळायचं की आता पाऊस आहे, आता कुणीतरी चोरपावलांनी येतंय, आता हा मरतोय पण अजून मेला नाही.

त्यातलं एक वेगळं होतं. खालच्या आवाजात सारंगीसारखं काहीतरी सुरू व्हायचं, त्याच्याखाली जड, सावकाश ठोके, आणि शेवटी दार लागल्याचा आवाज. ते लागलं की आतली शिट्टी थांबायची. आणि सुंदरबाईचा हात थांबायचा. तापलेल्या कढईवर पीठ धरलेला हात तसाच. ती बाई नवरा गेला तेव्हाही तिसऱ्या दिवशी कढईपाशी बसली होती. तिचा हात दुसऱ्या कशानं थांबलेला अंजनानं पाहिला नाही.

"आई, कावून थांबलीस गं?" तिनं एकदा विचारलं होतं.

"तेल बग, तेल," सुंदरबाई म्हणाली होती. त्यापलीकडं काही नाही, आणि पुढं सांगायला ती राहिलीही नाही.

आता अंजनाबाईचा उजवा कान बंद पडला होता. डावाही चालला होता. अंबाजोगाईच्या डॉक्टरनं सांगितलं, नस वाळत आलीय, ऐकायचं ते ऐकून घ्या. त्याला बिचाऱ्याला गंमत करायची होती. हिनं ते मनावर घेतलं.

मुलगा सोमेश्वर म्हणाला, "आई, मशीन बसवू कानात. म्युझिकचं काय घेऊन बसलीस?" सून धनश्री जरा बरी. तिनं शोधून काढलं की मोबाईलसमोर गुणगुणलं तर तो गाणं ओळखतो. मग कढई बंद करून दोघी मोबाईलपुढं बसल्या. अंजनाबाई घसा खाकरून गुणगुणली. मोबाईलनं आरती लावली. पुन्हा गुणगुणली. मोबाईलनं साबणाची जाहिरात लावली.

"आत्या, जरा जोरात म्हना."

"जोरात न्हाईच ते. खालून येतंय."

तिसऱ्यांदा मोबाईलनं लग्नातलं नाचायचं गाणं लावलं. अंजनाबाई उठली, "आग लागो ह्याच्या कानाला" म्हणाली आणि कांदे चिरायला बसली. इतके बारीक चिरले की भज्यांच्या कामाचे राहिले नाहीत.

पुढच्या फेरीला भगवानरावच म्हणाला, "मावशी, तुमच्या त्या तंबूत पिक्चरच्या मशीनवर कोन होता?"

"धुळाजीमामा. गेला आसंल."

"कशाचा जातो? आमच्या दिंद्रुडातच हाय की. मारुतीच्या पाराजवळ घर हाय. रोज शिव्या देतो आमाला."

दुसऱ्याच दिवशी हॉटेलाला कुलूप लावून सासू-सून दिंद्रुडच्या एसटीत बसल्या.

धुळाजी अंगणात बाजेवर बसला होता. दात नव्हते, आवाज होता. "सुंदरची अंजी का तू? तुझ्या आईनं मला कवा फुकट भजं दिलं न्हाई."

"मामा, ते ऱ्हाऊ द्या. हे कंच्या पिक्चरातलं, सांगा." ती बसायच्या आधीच गुणगुणायला लागली.

म्हाताऱ्यानं अर्ध्यातच हात वर केला आणि पिक्चरचं नाव सांगितलं. इतकं सहज, जसं काय घरच्या बैलाचं नाव. "त्याच्या रिळांची पेटी मी डोक्यावर वाहिली हाय. नाव इसरंल व्हय?"

धनश्रीनं मोबाईलवर पिक्चर काढला. अख्खा होता. "पुडं घे," धुळाजी सांगू लागला. "आजून पुडं. म्हातारी मरू दे. हां, आता जरा मागं."

"आत्या, बगा तरी, तुमी कवा बगितलाच न्हाई."

"बगायचं काय त्यात?" अंजनाबाईनं मोबाईल डाव्या कानाला लावला, डोळे मिटले.

वाजलं. दार लागलं.

"हे न्हाई."

"हेच हाय," धुळाजी म्हणाला.

"मामा, हे पळतंय. लगबगीनं चाललंय, जसं काय वरातीला उशीर झालाय. आन् आवाज किती पातळ. माझं असं नव्हतं."

"पुन्हा लाव गं," धुळाजी धनश्रीला म्हणाला.

पुन्हा लावलं. पुन्हा तेच. इतक्या दिवसांचं शोधणं, कुलूप लावलेलं हॉटेल, एसटीतले धक्के, सगळं अंजनाबाईच्या डोळ्यांत आलं आणि त्याचा राग झाला. "तुमी दुसऱ्याच पिक्चरचं नाव सांगितलं. म्हातारपणी डोकं चालंना तुमचं."

"माझं डोकं?" धुळाजी बाजेवरून अर्धा उठला. "आगं, आमचं जनरेटर दमेकरी होतं. तिसऱ्या रिळाला धाप लागायची त्याला. करंट कमी पडला की मशीन हळू फिरायचं. मशीन हळू तर पिक्चर हळू, आन् आवाजबी खाली. हिरोईन बाप्यावानी बोलायची. मालक मला शिव्या द्यायचा, लोक मला शिव्या द्यायचे. तुला बाहेर बसून ते गोड लागलं, त्याला मी काय करू?"

अंजनाबाई सुनेकडं वळली. "हळू कर गं हे."

धनश्रीनं मोबाईलवरचा वेग कमी केला. सारंगी सावकाश झाली. ठोके जड पडू लागले. अंजनाबाईचे ओठ हलले, आणि थांबले.

"चाल तीच झाली. पर आवाज वरच ऱ्हायला. खाली आन ना त्याला."

"आत्या, हळू केलं की वेग कमी होतो नुस्ता. आवाज तेवढाच ऱ्हातो ह्याच्यात."

"कावून?"

"आता ते मला काय ठावं?"

"मग काय कामाचा हा?" तिनं मोबाईल सुनेच्या मांडीवर टाकला. जुनं मशीन बिघडून बरोबर वाजत होतं आणि नवं धड असून चुकत होतं. भांडावं कुणाशी, हेच तिला कळेना. कोपऱ्यावर परतीच्या एसटीनं हॉर्न दिला. धनश्रीला तो ऐकू आला, हिला नाही.

"आत्या, गाडी."

तेवढ्यात धुळाजी गुणगुणू लागला. छातीतून, दाताविना, कुठं कुठं नुसती हवा. पण खाली, अगदी खाली, आणि सावकाश. बोटांच्या पेरांनी तो बाजेच्या लाकडावर ठोके देत होता. अंजनाबाई सरकून त्याच्या तोंडापाशी डावा कान घेऊन गेली.

"हां," ती म्हणाली. "हां. असंच." आणि लगेच, "न्हाई, न्हाई. हितं वर जातंय ते."

"वर न्हाई जात. खाली येतंय आन् मग दार लागतंय."

"वर जातंय, मग खाली येतंय. माझी आई वर गेल्यावर थांबायची."

"मशीनवर तू होतीस का मी?"

"कान माझा होता बाहेर. तुमी आत बिड्या ओढत होता."

"आत्या, गाडी सुटंल," धनश्री म्हणाली.

"सुटू दे." अंजनाबाई बाजेच्या कडेला नीट मांडी घालून बसली, पदर कानामागं खोचला. "मामा, पयल्यापासून म्हना. आन् आता चुकू नका."