स्टोव्हचा आवाज

भुताखेतांच्या गोष्टी ऐकून हसणाऱ्यांतली मी. आजही फारशी बदललेले नाही. पण हे माझ्याच घरात, भर दुपारी घडलं, म्हणून लिहितेय.

नव्वदच्या दशकाची सुरुवात असेल. आम्ही गिरगाव सोडून भाईंदर पूर्वेला, गोडदेवला वन रूम किचनमध्ये राहायला आलो होतो. मी कॉलेजला होते. कॉलेजातल्या आमच्या ग्रुपला एक छोटी फिल्म करायची होती आणि आम्ही हॉरर निवडली. कॅमेरा लग्नाचं शूटिंग करणाऱ्या एका ओळखीच्या माणसाचा. आवाजाची जबाबदारी माझी आणि नितीनची. नितीन भाईंदरजवळच्या तारोडी गावचा, कोळ्यांच्या घरातला, कानाचा फार तिखट.

भूत दाखवायचंच नाही, असं आमचं ठरलं होतं. खिडकीला निळा जिलेटिन पेपर लावून दिवसाची रात्र करायची, कॅमेरा रिकाम्या स्वयंपाकघराकडे हळूहळू सरकवायचा... बराच वेळ शांतता... आणि मग आतून कुणीतरी स्टोव्हला पंप मारतंय, असा आवाज. बस्स, एवढंच.

आमच्याकडे गॅस आला होता, पण जुना पितळी स्टोव्ह आईने माळ्यावर जपून ठेवला होता. तिने तो उतरवला, पेटवला आणि पंप मारायला बसली. नितीनने नवी कोरी कॅसेट फोडली आणि माइक धरून दारात उभा राहिला. मी त्याच्या मागे, टेपरेकॉर्डर सांभाळत.

"काकू, आता अजिबात बोलायचं नाही हं," तो म्हणाला.

रेकॉर्डिंग झालं. स्टोव्ह बंद केला. नितीनने हेडफोन लावून ऐकलं, मग पुन्हा मागे नेऊन ऐकलं.

"काकू, तुम्ही काय बोललात काय मधी?"

"नाही रे. तूच नको म्हणालास ना?"

त्याने हेडफोन काढून स्पीकरवर लावलं. पंपाचा आवाज, स्टोव्हची फरफर... आणि मध्येच एक बाई, अगदी साध्या आवाजात — "हळू मार गं शालू, भडकेल."

मला वाटलं, शेजारचा आवाज आला असेल. पण शेजारचा फ्लॅट अजून विकलाच गेला नव्हता. आणि शालू?

आई ओट्याला टेकून उभी होती. "परत लाव," म्हणाली. आम्ही परत लावलं. तिने पुन्हा लावायला सांगितलं. मग खाली बसली.

"अक्का आहे ही. माझी मोठी बहीण. स्टोव्ह पेटवायला तिनेच शिकवलं मला."

अक्का मावशी माझ्या जन्माआधीच काविळीने गेली. तिचा एक फोटो होता, आवाज कुठेच नव्हता. शालू हे आईचं माहेरचं लाडाचं नाव, तेही मला त्या दिवशीच कळलं.

आम्ही दुसऱ्या कॅसेटवर पुन्हा रेकॉर्ड केलं. नुसताच पंप.

खरं सांगते, मला तो पहिलाच आवाज फिल्ममध्ये हवा होता. असा इफेक्ट कुठून मिळाला असता? नितीनलाही तेच वाटत होतं, त्याच्या तोंडावर दिसत होतं. आईला ते कळलं असावं.

"लोकांना घाबरवायला वापरणार तिला?" तिने हळूच विचारलं.

नितीनने कॅसेट काढून तिच्या हातात दिली. "तुमची हाय काकू. आमचं न्हाय काय त्यात."

फिल्म नुसत्या पंपावर झाली. कॉलेजात दाखवली, मुलं चिडीचूप झाली. मला मात्र त्या सीनची भीती वाटेना. आई दुपारी कामं आटोपली की ती कॅसेट लावायची, भाजी निवडत ऐकायची.

पुढे नितीन साउंडच्याच लाइनमध्ये गेला. चांगल्या मशीनवर त्याने ती कॅसेट एकदा नीट ऐकली. मी विचारलं, "बाहेरून आला होता का रे आवाज?"

"न्हाय," तो म्हणाला. "पंपापेक्षा तो आवाज माइकच्या जवळ हाय. म्हणजे ती काकूंच्या अलीकडे होती. माझ्या नि त्यांच्या मधी."

आमच्या त्या किचनमध्ये आई खाली बसली की दारापर्यंत पाय ठेवायलाही जागा उरत नसे. तिथे कोण, कसं उभं होतं... मला अजूनही सांगता येत नाही.