बॉयलर बंद होता त्या दिवसाचं पान

माझ्या धाकट्या दिराने सव्वीस वर्षं एका मोठ्या रुग्णालयाच्या तळघरात काढली. ऑपरेशनची अवजारं, कापसाचे बोळे, डॉक्टरांचे हिरवे डगले, सगळं स्टीलच्या डब्यांत भरायचं, डबे कपाटाएवढ्या मशीनमध्ये ढकलायचे, दार आवळायचं आणि वाफ सोडायची. जंतू मरतात ते तिथे. लोक वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरांना हात जोडतात; खाली हा घामाने निथळत असायचा. रुग्णालयात सगळे त्याला वाफवाले म्हणत आणि त्याला ते आवडायचं. घरीसुद्धा पाहुण्यांचे कप दोनदा उकळून घ्यायचा. माझी जाऊ म्हणायची, "आमच्याकडे जंतूंनासुद्धा आधी कळवून यावं लागतं."

फार शूर माणूस नव्हे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे लोकांनी त्याचं भलतंच काहीतरी करून ठेवलं. बसमध्ये कुणी त्याच्या पायावर पाय दिला तर माफी हाच मागायचा.

मशीनची एक रीत असते. प्रत्येक खेपेला डब्याच्या मधोमध कागदाची एक पट्टी ठेवायची. वाफ पुरेशी तापली आणि पुरेसा वेळ टिकली, तर पट्टीवरच्या फिक्या रेघा काळ्या होतात. झाल्या नाहीत तर सगळा माल पुन्हा आत. काळी पट्टी वहीत चिकटवायची, तारीख आणि वेळ घालायची, खाली सही. बाकी त्या वहीकडे कुणी ढुंकून बघत नाही.

मग मशीनच्या दाराचं रबर गेलं. वाफ फसफसत बाहेर यायची, दाबाचा काटा वर चढेना, पट्ट्या मळकट तपकिरी निघू लागल्या. दुरुस्तीचं कंत्राट अधीक्षकांच्या मेहुण्याकडे होतं. मेहुणा तळघराचा जिना कधी उतरला नाही, पण "रबर बदलले, मशीन उत्तम" असा त्याचा कागद दर महिन्याला न चुकता यायचा. दिराने दोन अर्ज दिले. तिसरा घेऊन गेला तेव्हा स्टोअरकीपरने अर्ज बाजूला सारला आणि एक पाकीट हातात ठेवलं. आत पट्ट्या. काळ्याभोर. डोळ्यांच्या विभागातल्या छोट्या मशीनमध्ये आधीच वाफवून आणलेल्या. रबर येईपर्यंत ह्या लावा, म्हणाला, तपासणीला येणारे वही बघतात, वाफ कोण बघतंय?

आणि ह्याने लावल्या. मला त्यावर पांघरूण घालायचं नाही. चार महिने दर सोमवारी पाकीट येत राहिलं आणि दर खेपेला ह्याची सही होत राहिली. पहिल्या आठवड्यात त्याला जेवण जाईना. दुसऱ्या महिन्यात जायला लागलं. हे त्यानेच मला सांगितलं, अगदी असंच, खाली मान घालून.

वरच्या वॉर्डात टाके चिघळू लागले होते. सात दिवसांत घरी जायच्या त्या बाळंतिणी तीन तीन आठवडे पडून राहिल्या. एकीची पिशवी काढावी लागली. डॉक्टरांनी औषधं बदलली, फरशी पुसणाऱ्या बाईला झापलं, भेटायला येणाऱ्या नातेवाइकांवर खापर फोडलं. वॉर्डातली सिस्टर एकदा जिन्यात ह्याला म्हणाली, "वाफवाले, तुमच्या वाफेत जीव उरलाय ना हो?" तिने थट्टेतच विचारलं होतं. ह्याला मात्र तिच्याकडे बघवेना.

तरीही तो गप्पच राहिला असता. गाडी अडली ती वेगळ्याच ठिकाणी. रुग्णालयाचा बॉयलर वर्षातून दोनदा साफसफाईसाठी पूर्ण बंद ठेवतात. त्या दिवशी कुठल्याच मशीनला वाफ मिळत नाही. ऑपरेशनं पुढे ढकलतात, आणि वहीत पान कोरं सोडतात. आठवड्याभराने हा काहीतरी शोधायला मागची पानं चाळत होता, तर कोऱ्या पानाच्या जागी दोन पट्ट्या दिसल्या. सकाळची खेप, दुपारची खेप. वेळेसकट. खाली ह्याची सही. मशीन थंडगार पडलेलं असताना हातांनी सवयीने पाकीट उघडलं होतं, पट्ट्या चिकटवल्या होत्या आणि सही ठोकली होती. ह्याला त्यातलं काही आठवतसुद्धा नव्हतं.

त्याच संध्याकाळी तो वही पिशवीत घालून माझ्याकडे आला. मी जन्मभर कॉलेजात शिकवलं, तेव्हा घराण्यातले सगळे अर्ज माझ्याच गळ्यात. मी पान पाहिलं आणि स्पष्ट सांगितलं की तक्रार कर, पण निनावी कर. ह्या पानाने मेहुणा अडकेल तसा तूही अडकशील.

तो म्हणाला, "वहिनी, बिननावाचा कागद साहेब टोपलीत टाकतात. आणि नाव लपवून काय करू? पानावर माझंच आहे."

निवृत्तीला चौदा महिने उरले होते. नोकरी, पेन्शन, राहायचं क्वार्टर, सगळं त्या एका पानावर टांगलेलं. जाऊबाई त्याच्या मागोमाग आली होती, माझ्या दारातच उभी होती. एरवी जीभ तलवारीसारखी चालते तिची. त्या दिवशी अगदी हळू बोलली. "चार महिने डोळे मिटलेत ना? मग आणखी चौदा मिटा. माझ्यासाठी मिटा." त्याने माझ्यापुढे कोरा कागद सरकवला. मी मसुदा लिहिला, त्याने नक्कल केली, पानाचा फोटो जोडला आणि अर्ज थेट आरोग्य खात्याच्या वरच्या कार्यालयात जाऊन दिला.

आठ दिवसांत नवीन रबर बसलं. गुपचूप, एका रविवारी. आणि सोमवारी ह्याची बदली धोबीखान्याच्या शेडमध्ये झाली, चादरी मोजायला. वीस वर्षं ज्यांच्याबरोबर डबा खाल्ला ते दुपारी दुसऱ्या बाकावर जाऊन बसू लागले. चार महिने तूही आमच्याबरोबर पट्ट्या चिकटवत होतास, आता एकटाच धुतल्या तांदळासारखा झालास का, असं स्टोअरकीपर चारचौघांत म्हणाला. ह्याला ते लागलं, कारण त्यात खोटं काहीच नव्हतं.

चौकशी सात महिन्यांनी झाली. चौकशी अधिकारी दुष्ट माणूस नव्हता, नुसता दमलेला होता; फाइल मिटवून घरी जायची घाई होती त्याला. त्याने दिरासाठी वाटही काढून ठेवली होती. लिहून द्या, की तुम्हाला फक्त शंका आली, पट्ट्या कुठून आल्या ते ठाऊक नाही, त्या पानावरची सही नजरचुकीने झाली. तुम्हीही सुटाल, तेही सुटतील, मशीन तर दुरुस्त झालंच आहे. मी बाहेर बाकावर बसले होते आणि दार अर्धवट उघडं होतं. मनात म्हणत होते, दे बाबा लिहून, मोकळा हो.

आतून त्याचा आवाज आला. "नजरचूक एका दिवशी होते, साहेब. ह्या चार महिन्यांच्या सह्या आहेत. सगळ्या माझ्या. पाकीट कोण देत होतं ते सांगतो, लिहून घ्या."

निकाल असा लागला: मेहुण्याचं कंत्राट गेलं. स्टोअरकीपरला ताकीद मिळाली. अधीक्षकांची बदली झाली, इथल्यापेक्षा बऱ्या जागी. आणि वहीवर सही एकाचीच असल्यामुळे ह्याला बडतर्फ केलं. पेन्शन गेली. क्वार्टर महिन्याभरात सोडावं लागलं. आता ती दोघं तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहतात आणि हा एका कापड कारखान्यात दारावर बसतो. कुठल्याशा संस्थेने त्याचा सत्कार ठरवला. ह्याने निरोप पाठवला, त्या चार महिन्यांत टाके पिकलेल्या बायका पहिल्या रांगेत बसवणार असाल तर येतो. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. त्या बायकांची यादी मिळावी म्हणून ह्याने तीन अर्ज केले होते. मसुदे अर्थात माझेच. उत्तर एकाचंही नाही.

जाऊबाई त्याच्याशी कामापुरतं बोलायची. मीठ संपलंय, नळ गळतोय, एवढंच. वर्ष असंच गेलं. मग तिच्या पित्ताशयात खडे निघाले आणि ऑपरेशन करायचं ठरलं. मी तिथेच बसले होते. तिने माझ्याकडे बघत त्याला ऐकवलं, "विचारा भाऊजींना तुमच्या, त्याच रुग्णालयात करायचं की आणखी कुठे जीव द्यायचा."

तो म्हणाला, "तिथेच कर. मशीन आता नीट आहे." चपला घालता घालता म्हणाला, "मी जाऊन बघून येतो."

गेलाही. ज्या दारातून त्याला काढलं होतं त्याच दारातून, हातात टोपी धरून, नव्या वाफवाल्याला वही दाखवायची विनंती करायला. त्या पोराने ती कशी दाखवली, ते मी विचारलं नाही. घरी येऊन एवढंच म्हणाला, "काळ्या आहेत. खऱ्या."

ऑपरेशन झालं. आठव्या दिवशी टाके काढले. मी भेटायला गेले तर जाऊबाई खाटेवर पाय पसरून बसली होती आणि हा मोरीत भांडी घासत होता. तिने पदर बाजूला करून मला पोट दाखवलं. जखम कोरडी होती. मग मोरीकडे तोंड करून, पण आवाज न चढवता म्हणाली, "अहो, बघा तरी येऊन."

हात पुसत आला. वाकून, चष्मा वर करून, चांगलं मिनिटभर बघितलं त्याने. तिथेच खाटेच्या कडेला बसला, आणि नळ मी जाऊन बंद केला.