दोनच इंच म्हणाले होते

आमच्या ह्यांच्याबद्दल मी बोलायला लागले की बायका आधीच हसायला लागतात. हसा बाई. इतकी वर्षं मीपण हसलेच की. आता हसू येईना, म्हणून सांगते.

नाव हिम्मतराव बिरादार. मूळ उदगीरकडचे, पण सासऱ्यांच्या वेळेपासून हैदराबादेत. कुकटपल्लीत पंप बनवायचा एक कारखाना होता, तिथं ह्यांची सगळी नोकरी मोजमाप करण्यात गेली. तयार झालेला भाग हातात घ्यायचा, मोजायचा, मापात बसला तर पुढं, नाही तर लाल फुली मारून बाजूला. ती सवय घरात आली. माझी भाकरी एका अंगाला जाड झाली की ताटात फिरवून फिरवून बघायचे. मला बघायला आले तेव्हा पोह्यांची बशी हातात धरून माझ्या वडिलांना काय विचारावं? "ही चौकट किती इंची हो?" आई आत येऊन म्हणाली, "पोरगं येडं हाय की काय बाई!" वडील म्हणाले, असा मोजून बोलणारा माणूस फसवत नाही. झालं, दिली मला.

दारू नाही, पत्ते नाहीत. नाद एकच, जीप. एका सरकारी ऑफिसच्या लिलावातली जुनी जीप ह्यांनी घेतली आणि पोटच्या पोरासारखी सांभाळली. खरं पोर, आमचा गौतम, पुण्यात असतो. तो म्हणतो, बाबांनी मला एवढं कधी पुसलं नाही.

पण जीप घेतली ती नुसत्या हौसेनं नाही, येळवशीसाठी. येळवस म्हणजे वेळ अमावास्या. थंडीत येते. त्या दिवशी आमच्याकडं गाव रिकामं होतं आणि सगळे शेतात. कडब्याची कोप करायची, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडायचे, ते पांडव. सगळ्या भाज्या मिळून केलेली भज्जी, बाजरीचे उंडे, मडकंभर आंबील. आमचं शेत चुलतभाऊ करतात, पण येळवशीला आम्ही हैदराबादेहून जाणार म्हणजे जाणार. शेताच्या अलीकडं ओढा आहे. काळ्या रानातली वाट आणि त्यात ओढ्यातले धोंडे, कारचं तिथं काय काम!

ओढ्याशी आलो की मी उतरायची. लुगडं खोचून पाण्यात पुढं उभी राहायची आणि हातानं दाखवायची. "डावं घ्या. अजून. बस्स. आता सोडा." ह्या माणसानं जन्मात माझं दुसरं काही ऐकलं नाही, पण ओढ्यात माझा हात दिसेल तसं चाक फिरवलं. एक वर्ष चुकलं नाही. सासूबाई गेल्या त्या वर्षीसुद्धा मी आंबिलाचं मडकं मांडीवर घेऊन ह्यांच्या शेजारी बसून गेले. वर्षातला तो एक दिवस माझा होता, बाकीचे सगळे स्वयंपाकघराचे.

मग गुडघे गेले. हल्लू हल्लू गेले, पण गेले.

ह्यांची रविवारी जीपवाल्यांची एक टोळी असते. सगळे कॉम्प्युटरवाले. विकाराबादकडं जंगलात जाऊन चिखलात गाड्या घालतात आणि बाहेर काढतात. त्यातला निखिल म्हणून एक पुण्याचा मुलगा. गेल्या येळवशीला तो आणि त्याची बायको अपर्णा हौसेनं आमच्याबरोबर शेतात आले. मी नेहमीसारखी ओढ्यात उभी राहून ओरडले, "अहो, डावं! डावं म्हणते ना मी!" जीप निघाली काठावर. निखिल टाळ्या वाजवत म्हणाला, "काका, गाडी तुमची, पण रिमोट काकूंच्या हातात दिसतोय!" सगळे हसले. मी तर सगळ्यांत जास्त हसले आणि त्याला भज्जी जास्त वाढली. हे पण मिशीत हसल्यासारखं मला वाटलं.

पावसाळा सरला आणि ह्यांनी काढलं, जीप उंच करायची. म्हणे ओढ्यात चाकांच्या मधला लोखंडी गोळा धोंड्याला घासतो, एखाद्या दिवशी फुटेल. मी म्हटलं, "उंच करा नाहीतर विमान करा, मी चढणार कशी? हे गुडघे बघितलेत?"

"त्याचंच बघतो आधी," म्हणाले.

आणि खरंच बघितलं हो! अंगणात भिंतीशी विटा रचल्या, वर फळी टाकली. मला म्हणाले, पाय ठेव. ठेवला. एक वीट वाढवली. ठेव. ठेवला. "दुखतंय का? खरं सांग, लाजू नको." अजून एक वीट. मी भिंत धरून पाय उचलायची, हे खाली बसून माझ्या गुडघ्याकडं बघायचे. एका विटेला पाय अर्ध्यातच थांबला, "आई गं" म्हणाले मी. ह्यांनी पटकन धरलं, खाली बसवलं, पाणी आणून दिलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, माझं कुठं दुखतं ते ह्या माणसानं असं जमिनीवर बसून कधी विचारलं नव्हतं. त्या दिवशी मी शेवयांची खीर केली. आता आठवलं की अंगाची आग होते.

मग महिनाभर घरात दुसरा विषय नाही. पुतलीबावलीच्या स्पेअरच्या दुकानांतून काय काय आणून हॉलमध्ये मांडायचे आणि मला समजावायचे. जीप पाट्यांवर बसलेली असते, एकावर एक लोखंडी पट्ट्या. ती उंच करायचे तीन रस्ते. पाट्याच्या टोकाच्या कड्या लांब लावायच्या, ते स्वस्त पण स्टीअरिंग भरकटतं. त्याच्यावर हवेतच फुली मारली. पाट्याखाली ठोकळे घालायचे, ते चिखलात सरकतात. त्याच्यावरही फुली. तिसरा रस्ता नवे पाटे. दोन इंची घेतले तर बाकी गाडीला हात लावायला नको. चार इंची घेतले तर सगळं गणगोत बदलायचं, लांब शॉकअप, लांब ब्रेकचे पाइप, खालच्या शाफ्टला पाचर मारून कोन सरळ करायचा. मला भाजी निवडता निवडता हे सगळं पाठ झालं. मीच म्हटलं, "मग दोन इंचच घ्या की. गोळा पण वाचतो, मी पण."

"दोनच इंच," हे म्हणाले. "तुझा पाय पोचला पाहिजे ना, इंदू."

मी कॉलनीभर सांगत सुटले. दिलसुखनगरला बहिणीकडं गेले तर तिलाही. "आमच्या ह्यांनी माझ्या पायाच्या मापानं गाडी करायला टाकलीय." ती म्हणाली, "नशीब काढलंस." मी म्हटलं, हौ, काढलंच.

येळवस आठवड्यावर आली आणि जीप घरी आली. मी नवीन चप्पल घालून बाहेर गेले, दांडा धरला, पाय उचलला. पाय पोचेना. पुन्हा उचलला. माझा पाय हवेत आणि गाडीचा काठ त्याच्या कितीतरी वर. शेजारची राणी गॅलरीतून बघत होती, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"अहो, हे दोन इंच आहेत?"

हे हात मागं बांधून उभे. "दुकानदारानं चुकीचे पाटे दिले वाटतं. आता बसवून झाले. येळवस होऊ दे, मग बघू."

"बघू काय बघू! त्याच्या घशात घालून बदलून घ्या."

"जाऊ दे ना. आता कोण भांडत बसणार?"

मला ह्यांची कीव आली. म्हटलं साधा माणूस, फसवलं कोणीतरी. हा माणूस भाकरीची जाडी ओळखतो, त्याला दोन इंची आणि चार इंची पाट्यातला फरक कळला नसेल का, हा विचार माझ्या डोक्यात आला नाही. नवऱ्याला कोणी फसवलं की आपण पदर खोचतो, तो फसवत असेल हे मनात कुठून येणार? दुसऱ्या दिवशी हे बाहेर गेल्यावर मी ऑटो केली आणि ख्वाजाभाईच्या शेडवर गेले. ख्वाजाभाई म्हणजे ह्यांचा जुना मिस्त्री, पाटे त्यानंच बसवले होते. गेल्या गेल्याच तोंड सोडलं, "क्या ख्वाजाभाई, चुकीचे पाटे आए तो बसवनेका कैकू?"

तो हात पुसत उठला. "गलत नै आए अम्मा. साब खुद ला के दिए, चार इंच के. लंबे शॉकअप, ब्रेक के पाइप, सब साब खुद चुन के लाए."

"साब तो दोन इंच बोले थे."

"मैं बी पूछा अम्मा. मैं बोला, अम्मा कैसा चढ़ते? एक पायदान लगा देतुं, मेरी तरफ से. पुराना पाइप पड़ा है, आधे घंटे का काम. साब बोले नक्को. बोले, अम्मा इस साल से नै आते." मग माझ्या तोंडाकडं बघून त्याचा आवाज उतरला. "आपकू नै बोले क्या?"

मी काय सांगणार? म्हटलं, हौ, बोले थे, मीच विसरले. परक्या माणसापुढं नवऱ्याची लाज झाकायची सवय, ती तिथंही सुटली नाही. ऑटोत बसले तेव्हा त्या विटा डोळ्यांपुढं आल्या. दुखतंय का, खरं सांग. मी वेडी, खरं सांगत गेले. ज्या विटेला माझा पाय थांबला, तेवढी उंची ह्यांनी विकत आणली. मी वीट वीट चढून, आई गं म्हणत, माझ्या हातानं त्यांना माप दिलं. घर येईपर्यंत मी पदराचा बोळा तोंडात धरून रडले.

घरी हे टायरची हवा बघत बसले होते.

"ख्वाजाभाईकडून आले मी," म्हटलं.

ह्यांनी हातातलं मीटर खाली ठेवलं. मग म्हणाले, "इंदू, तुझे गुडघे..."

"गुडघ्यांचं नाव काढू नका. गुडघे माझे आहेत. तुमचं काय ते सांगा."

"सगळी टोळी म्हणते, हिम्मतकाका गाडी चालवत नाहीत, काकू चालवतात." वर बघेनात. "तेव्हापासून दर रविवारी तेच. रिमोट आणला नाही का, काका? एकदा तरी तो ओढा मला एकट्याला काढायचाय."

"तेवढ्यासाठी?"

"तुला तेवढंच वाटतं."

"मग तोंडानं सांगायचं होतं, यंदा येऊ नको म्हणून."

"तुला वाईट वाटलं असतं."

"आणि आता काय पेढे वाटू?"

"नाही म्हणायला तोंड होईना, इंदू. म्हटलं गाडीच उंच झाली की तू आपणहून म्हणशील, मी नाही येत."

मला मारलं असतं तरी एवढं लागलं नसतं. म्हटलं, "ऐका. येळवशीला मी तयार होऊन गाडीपाशी उभी राहणार. एकतर माझ्या तोंडावर म्हणा, येऊ नको. मी गपगुमान घरात जाईन. नाहीतर हात द्या आणि वर घ्या. गाडीला मध्ये घालू नका."

ह्यांनी मीटर उचललं आणि पुढच्या टायरला लावलं. पुढं सगळे दिवस आमच्यात कामापुरतंच बोलणं झालं. मला वाटायचं, विचार करायलेत. मोजून बोलणारा माणूस, वेळ लागतो. लेकराला फोनवर काही सांगितलं नाही.

येळवशीला पहाटे उठून भज्जी केली, उंडे केले. इरकल नेसले, पिशवी भरली, आंबिलाचं मडकं घेऊन जीपपाशी जाऊन उभी राहिले. राणी गॅलरीत उभी, तिला मी सगळं सांगितलं होतं. हे बाहेर आले. माझ्या लुगड्याकडं बघितलं, पिशवीकडं बघितलं. मी हात पुढं केला. खरंच केला, एवढ्या सगळ्यानंतर.

"आंबील दे," म्हणाले.

मडकं घेतलं. वर चढून माझ्या सीटवर ठेवलं, सुती दोरीनं पाठीला आवळून बांधलं, हलवून बघितलं. मग खाली न बघता म्हणाले, "गुडघ्याला शेक घे." येऊ नको काही म्हणाले नाहीत. गाडी सुरू केली.

गल्लीच्या तोंडाशी जाऊन जीप थांबली. मागचे लाल दिवे लागले. माझ्या छातीत काय झालं सांगू बाई! मी वर बघून ओरडले, "राणे, थांबले बघ! थांबले!" पिशवी उचलली आणि त्या गुडघ्यांनी अर्धी गल्ली पळत गेले. गेल्यावर दिसलं, समोरून पाण्याचा टँकर आत वळत होता. तो वळेपर्यंत हे थांबले होते. टँकर आत आला आणि हे निघून गेले. टँकरवाल्यानं हॉर्न वाजवला, डोकं बाहेर काढून म्हणाला, "अम्मा, बाजू हटो."

मी हटले.