बरणीमामांची बदली

बरणीमामांच्या हाताला फॉर्मालीनचा वास इतका मुरला होता, की त्यांच्या सारसोळे गावातल्या पूजेत त्यांना नारळ फोडायला बसवत, प्रसाद वाटायला नाही. त्यांना स्वतःला तो वास येत नसे. दुपारी कापलेल्या बेडकांच्या ट्रेपासून हातभर अंतरावर ते डबा उघडत आणि मलाच विचारत, "सर, बाहेर कुनी सुका बोंबील भाजलाय काय? मस्त वास येतो." बोंबील त्यांच्याच डब्यात असे.

नव्वदच्या दशकात नेरूळच्या एका नव्या कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकवायला लागलो, तेव्हा मामा तिथे लॅब अटेंडंट होते. जातीचे कोळी. वडिलांची होडी धाकट्या भावाकडे गेली आणि मामा नोकरीला लागले. रोज सकाळी कपाटातली एकेक बरणी पुसायची, आतलं फॉर्मालीनचं पाणी कमी झालं असेल तर भरायचं, मगच हजेरीच्या वहीत सही. लॅटिन नावं त्यांना पाठ होती, पण ती बाहेरचे परीक्षक आले की निघत. एरवी खाडीतली नावं. एकदा एका मुलीने समुद्रसापाची बरणी हातात घेऊन घाबरत विचारलं, "मामा, हा विषारी आहे?"

"आता नाय," मामा म्हणाले.

प्रात्यक्षिक परीक्षेत 'स्पॉटिंग' असतं. बरण्यांवरची नावं झाकून आकडे चिकटवायचे, घंटा वाजली की मुलांनी पुढच्या बरणीसमोर सरकायचं आणि प्राणी ओळखून लिहायचा. मुलं प्राणी बघतच नसत. तुटक्या झाकणाची बरणी म्हणजे समुद्रसाप, पिवळ्या बुडाची म्हणजे वाम मासा, अशी माहिती जर्नलबरोबर वरच्या वर्गाकडून खालच्या वर्गाकडे जाई. मामांना याचा राग होता. "जाल्यात हात घालताना झाकान बगनार हाव काय?" ते विचारत. "वामेला पाठभर पर असतो. सापाला खवलं, नि शेपटी वल्ह्यासारखी चपटी. चुकलात तर दुसरी घंटा वाजत नाय."

म्हणून एका वर्षी, पहिल्या वर्षाच्या परीक्षेच्या आदल्या दिवशी, मामांनी चिमट्याने समुद्रसाप वामेच्या बरणीत ठेवला आणि वाम सापाच्या. मला येऊन तसं सांगितलंही. "सर, उत्तरांची यादी करताना आत बगा, नाव नका बगू." मी जर्नलं तपासत होतो. मान वर न करता "हो, हो" म्हणालो. मग यादी केली ती बरणीवरची नावं वाचून.

परीक्षेत जवळजवळ सगळा वर्ग बरोबर आला, कारण वर्ग आणि मी एकाच गोष्टीकडे बघत होतो. चौघांची उत्तरं माझ्या यादीप्रमाणे चुकली. त्यातली एक मुलगी, साताऱ्याकडच्या माथाडी कामगाराची, थेट प्राचार्यांकडे गेली. "मी शेपटी बघून लिहिलंय सर. चला, तुम्हीपण बघा." प्राचार्यांनी लॅबमध्ये येऊन शेपटी बघितली. मग मला आणि मामांना केबिनमध्ये बोलावलं.

माझी नोकरी तेव्हा हंगामी होती, घरी मुलगी चार महिन्यांची. मी म्हणालो, "मामांनी मला न सांगता प्राणी बदलले."

प्राचार्य मामांकडे वळले. "सरांना सांगितलं होतं का तुम्ही?"

मामांनी माझ्याकडे बघितलं. बरणीतलं पाणी किती उतरलंय ते बघावं, तसं. मग म्हणाले, "नाय सांगला."

चौघांचे मार्क दुरुस्त झाले. मामांना लेखी ताकीद मिळाली, आणि बदली झाली ग्रंथालयाच्या दारात, मुलांच्या बॅगा ठेवून बिल्ले देण्याच्या कामावर. केबिनबाहेर मी काहीतरी पुटपुटलो, तेव्हा त्यांनी मला जिन्याजवळ घेतलं. "तुमी अजून कच्चे, मी पक्का. कच्च्याला काढतात, पक्क्याला हलवतात. पक्के झालात का सांगा त्याना खरा काय ते. मी येतो परत लॅबमदी."

दोन वर्षांनी मी कायम झालो. त्या आठवड्यात मामांनी बॅग घेता घेता विचारलं, "झालात काय पक्के?"

"झालो, मामा."

"बरा झाला," म्हणाले, आणि बिल्ला दिला. पुन्हा कधी विचारलं नाही. मी आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिलो. मग कायम झालेल्या माणसाने इतक्या उशिरा तोंड उघडणं बरं दिसणार नाही, असं वाटायला लागलं. लॅबमध्ये नवा अटेंडंट आला. निम्म्या बरण्या कोरड्या पडल्या. मामा त्याच दारातून निवृत्त झाले. निरोप समारंभात मी त्यांच्या निष्ठेवर दहा मिनिटं बोललो. टाळ्या मला पडल्या.

माझ्याही निवृत्तीनंतर एकदा सारसोळ्याला त्यांच्या घरी गेलो. मामा ओट्यावर जाळं विणत होते. मी सगळं सांगून टाकलं, माफी मागितली. त्यांनी गाठ पुरी केली.

"ह्या मना कशाला सांगता, सर? मी हुतो तिथं. प्रिन्सिपलना सांगा."

"ते वारले, मामा."

"मंग आता?" त्यांनी पुढची गाठ घेतली. "ज्याना म्हायत नाय, त्याना सांगा. मना सांगून काय फायदा?"

त्यांच्या सुनेने चहा आणला. तिला माहीत नव्हतं, हे मला दिसत होतं. चहा चांगला झालाय, असं मी तिला सांगितलं आणि निघालो.

मामांना जाऊन आता दोन वर्षं झाली. तुम्हाला माहीत नव्हतं, म्हणून सांगितलं. सुनेकडे उद्या जाणार आहे.