मैदान द्यायचं की नाही

कापूस वेचणीचे ते दिवस आठवले की आधी एक गाणं ऐकू येतं. मंठ्याच्या रस्त्यानं नव्या पक्षाची भोंगा लावलेली जीप यायची आणि ते गाणं ज्वारीवरून तरंगत आमच्या रानात पोचायचं. गाव आमचं, आम्हीच गाव, असं काहीसं. ओटीत कापूस घेऊन मी नुसती उभी राहायची. चाल इतकी गोड होती की त्या ‘आम्ही’तून कुणाला वगळलंय, हे बरेच दिवस माझ्या ध्यानातच आलं नाही.

मग पक्षाची माणसं पारावर उघड बोलू लागली. ओढ्यापलीकडची वस्ती सगळ्या योजना खाते, खऱ्या गावाला काही उरत नाही, असं. ऐकणारे मान डोलवायचे.

त्या वस्तीतले निवृत्त गुरुजी आणि गावचे सरपंच असलेले माझे वडील दर निवडणुकीत एकमेकांविरुद्ध लढलेले. एकमेकांकडचा चहासुद्धा त्यांनी कधी घेतला नव्हता. एका संध्याकाळी गुरुजी आमच्या अंगणात आले आणि बाजेवर वडिलांशेजारी टेकले. उतरत्या उन्हात कापसाचे तंतू उडत होते. कप पुढे करताना मला ते दोघं स्वप्नातल्यासारखे वाटले.

यंदाच्या ग्रामपंचायतीला दोघांनी मिळून एकच पॅनल उभं करायचं ठरलं. नव्या पक्षानं सभेसाठी ग्रामपंचायतीचं मैदान मागितलं होतं. ते द्यायचंच नाही, असं वडिलांचं म्हणणं.

गुरुजींनी कप खाली ठेवला. म्हणाले, “मैदान बंद केलं तर त्यांच्यात अन् आपल्यात फरक काय राह्यला?”

“गुरुजी, ते तुमच्याच लोकांना शिव्या देतील.”

“देऊ द्या. मी म्होरं बसून ऐकतो. मंग इचारतो.”

सभेत दोघं पहिल्या रांगेत बसले. भाषण संपल्यावर गुरुजी उठले. “मी इथंच जन्मलो. तुमच्या गावात मी हाये का न्हाई?” त्यांनी शांतपणे विचारलं.

वक्त्यानं गाणं लावायला सांगितलं. गाणं वाजत राहिलं, गुरुजी उभेच राहिले. त्यांच्याकडून अक्षरं गिरवून घेतलेली माणसं गर्दीत होती. त्यांच्यातलं कुणीच टाळ्यांचा ठेका धरेना.

आमचं पॅनल निवडून आलं, जेमतेम. नव्या पक्षाचेही दोघे आले. पहिल्याच बैठकीत नळाच्या जागेवरून त्या दोघांनी वडिलांना पार घाम फोडला. वडील घसा बसवून घरी आले आणि जेवता जेवता आईला म्हणाले, की नळाचं मात्र त्यांचंच बराबर होतं.